भाजीच्या ठेल्याचा फोटो सपाट का येतो?

आधी प्रश्न थोडक्यात. ईस्ट हॅमला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. गेले चार शनिवार त्या लंडनच्या व्हाइटचॅपल बाजारात जाऊन भाजी-फळांच्या ठेल्यांचे फोटो काढतायत. तिथे उभं असताना डोळ्यांचं पारणं फिटतं, पण घरी येऊन बघावं तर सगळं भडक आणि सपाट. टोमॅटो म्हणजे नुसता लाल गोळा, माणसांचे चेहरे हिरवट, आणि एका विक्रेत्याने तर कॅमेऱ्यासमोर हातच आडवा धरला. त्यांच्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे जरा लहान सेन्सरचा, मिररलेस कॅमेरा आहे आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स. ‘८५ची प्राइम घेऊ की ७०-२०० घेऊ?’ हा मुख्य प्रश्न, म्हणजे झूम नसलेली ८५ मिमीची लेन्स की लांबचं जवळ आणणारी मोठी झूम. आणि जाता जाता एक पुरवणी: ‘तिथे मोठ्या लिंबासारखं, जाड सालीचं एक हिरवं फळ मिळतं, ते काय असतं?’

फळाचं शेवटी सांगते. लेन्सचं आत्ताच सांगून टाकते: दोन्ही घेऊ नका. पैसे ठेवा, पुढे प्रिंट काढायला लागतील.

मी पूर्व लंडनमध्ये बरीच वर्षं बाजारांचे फोटो काढते. काही पोटासाठी, बरेचसे हौसेखातर. माझ्या मते तुमची अडचण लेन्सची नाही, आणि रंगांचीही पुरती नाही. तुम्ही ठेला बघता, खूश होता आणि समोर उभं राहून तो अख्खा ठेला टिपता. पण तो ठेला आधीच कुणीतरी रचलेला असतो. न्यू स्पिटलफील्ड्सचा घाऊक बाजार १९९१ साली लेटनला हलला, तो रात्री भरतो. आपले विक्रेते तिथून पहाटे माल उचलतात आणि आठच्या सुमाराला व्हाइटचॅपलला मांडायला लागतात. लाल सिमला मिरचीशेजारी हिरवी, मध्ये पिवळी, टोमॅटोचे देठ खाली आणि गुळगुळीत बाजू वर, कोथिंबिरीवर पाण्याचा हात. डाग पडलेला आंबा मागच्या रांगेत. ही रंगसंगती त्या माणसाने माल खपावा म्हणून केलेली असते आणि त्यात तो तुमच्या-माझ्यापेक्षा तरबेज असतो. समोरून सरळ फोटो काढला की त्याच्या कामाची नक्कल तेवढी हाती लागते. डोळ्यांना तिथे वास असतो, आवाज असतो, मागून ढकलणारी ट्रॉली असते. फोटोत यातलं काहीच येत नाही, उरते फक्त मांडणी. सपाट वाटणारच.

मग फोटो काढायचा कशाचा? मी मांडणी मोडते त्या क्षणाचा काढते.

मी पुण्याची. लहानपणी आजीबरोबर मंडईत जायचे. तिथल्या एक मावशी वांग्यांची रास अशी रचायच्या की बघत राहावं. आजीला मात्र नेमकं खालचंच वांगं हवं असायचं. ती ते ओढायची, वरची चार गडगडायची आणि मावशी कडाडायच्या, ‘अहो, वरचं काय वाईट आहे का?’ मला आज त्या राशीचा आकार आठवत नाही. आजीचा तो हात आणि राशीला पडलेलं खिंडार आठवतं. व्हाइटचॅपलला उभी असते तेव्हा मी त्या खिंडाराचीच वाट बघत असते. ते फ्रेममध्ये आलं की फोटोला वेळ मिळतो, आधी काय होतं आणि आता काय झालं ते दिसतं.

इथे ‘बोल’ची पद्धत आहे, ती तुमच्या रोजच्या बघण्यातली असेल. आपल्याकडे वाटे लावतात ना, तसंच. एका पसरट वाडग्यात सहा लिंबं किंवा मूठभर आलं किंवा पाच-सहा टोमॅटो, भाव ठरलेला, वजन नाही. गिऱ्हाईक बोट दाखवतं, विक्रेता वाडगं उचलून पिशवीत उपडं करतो. तो उपडं करण्याचा क्षण या बाजारातला सगळ्यात फोटोजोगा. फळं हवेत असतात, पिशवीचं तोंड उघडं असतं, दोन वेगळ्या माणसांचे हात एका ठिकाणी आलेले असतात. शटर सेकंदाच्या १/५०० वर ठेवलं तर लिंबं हवेत गोठतात. १/६० ठेवलं तर पिवळ्या रेघा येतात आणि हात थोडे हलतात. मला दुसरं आवडतं, पण दहांतले आठ फुकट जातात हे मान्य.

आता तुमच्या हिरवट चेहऱ्यांकडे येऊ, कारण इथे खरं तांत्रिक कारण आहे आणि ते कळलं की निम्मं काम होतं.

हा बाजार रस्त्याच्या उत्तरेकडच्या फुटपाथवर भरतो. समोर दक्षिणेला रॉयल लंडन हॉस्पिटलची जुनी इमारत, जिथे २०२३पासून टाउन हॉल आहे. ठेले रस्त्याकडे पाठ करून, दुकानांकडे तोंड करून उभे असतात. म्हणजे ठेल्यासमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाचं तोंड दक्षिणेकडे, आणि ऊनही दक्षिणेकडूनच, ठेल्याच्या पाठीमागून येणारं. तुम्ही कॅमेरा लावता तेव्हा विक्रेत्याच्या मागे उजेड आणि त्याच्या तोंडावर सावली. त्यात डोक्यावर ताडपत्री. ताडपत्री हिरवी असेल तर तिच्यातून गाळून आलेला उजेड हिरवा, निळी असेल तर निळा. भाजी मात्र पुढच्या कडेला असते, तिच्यावर मोकळ्या आकाशाचा पांढरट उजेड पडतो. एकाच फ्रेममध्ये दोन रंगांचे उजेड आले. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा हे कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग, तर एकच लावता येतो. चेहरा नीट केला तर कांदे गुलाबी होतात, कांदे नीट केले तर चेहरा आजारी दिसतो. कॅमेरा बदलून यात काही फरक पडत नाही.

यावर मी काय करते? पहिलं म्हणजे ठेला निवडताना भाजी नंतर बघते, आधी मान वर करून ताडपत्री बघते. पांढरी, मळकट पांढरी किंवा राखाडी असेल तर तो माझा ठेला. निळी-पांढरी पट्ट्यांची चालते. गर्द हिरवी असेल तर मी तिथून फक्त कोथिंबीर विकत घेते. दुसरं, विक्रेता पुढे वाकतो, पैसे घ्यायला किंवा पिशवी द्यायला, तेव्हा त्याचा चेहरा ताडपत्रीखालून बाहेर, आकाशाच्या उजेडात येतो. तो एक-दीड सेकंद धरायचा. गंमत म्हणजे गोष्टही तेव्हाच घडत असते, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी. तिसरं, ढगाळ दिवस. लंडनने आपल्याला बाकी काही दिलं नसेल, पण हा एक उजेड सढळ हाताने दिलाय. मळभ असलं की वरचा आणि समोरचा उजेड यातला फरक खूप कमी होतो. कडक उन्हाच्या दिवशी मी बाजारात फक्त भाजी आणायला जाते.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. फ्रेममध्ये टोमॅटो जास्त आले की कॅमेरा थंड रंगाकडे सरकतो, पालेभाजी जास्त आली की दुसरीकडेच भरकटतो, आणि घरी येऊन वीस फोटो वीस रंगांचे. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा. प्रत्येक ठेल्यावर एकदा, फक्त एकदा, करड्या कार्डाचा फोटो घ्या. कार्ड नसेल तर विक्रेत्याने मार्करने भाव लिहिलेला पांढरा पुठ्ठा चालतो. शास्त्रशुद्ध नाही, पण निभावतं. घरी तो एक फोटो धरून बाकीचे त्याच्या रांगेला लावायचे.

लाल गोळ्याचं कारण वेगळं आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपण बहुधा जो एकच पांढरा हिस्टोग्राम (फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणारा आलेख) बघतो तो तिन्ही रंग मिसळून काढलेला असतो. तो सांगतो सगळं ठीक आहे, आणि तेव्हाच लाल रंगाचा मार्ग काठोकाठ भरून सांडलेला असतो. मग टोमॅटोवरची ती चमक, देठाजवळचा पिवळसर भाग, बारीक सुरकुती, सगळं एका लालात बुडतं. तुमच्या कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे वेगळे हिस्टोग्राम दाखवायची सोय असेल, ती चालू करा आणि लालाकडे लक्ष ठेवा. टोमॅटो, लाल मिरच्या, डाळिंब समोर असतील तर एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली आणा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). फोटो पडद्यावर जरा मवाळ दिसेल, दिसू दे. नंतर सावल्या वर आणता येतात, सांडलेला लाल पुन्हा भरता येत नाही.

एडिट करताना सॅच्युरेशनची, म्हणजे रंगांच्या गडदपणाची, पट्टी उजवीकडे ओढायचा मोह होतो. मला तर दर वेळी होतो. पण ठेल्यावर आधीच सात रंग ओरडत असतात, सगळ्यांचा आवाज वाढवला की कुणाचंच ऐकू येत नाही. मी उलट करते. या फोटोत कुठला रंग बोलणार ते ठरवते आणि बाकीच्यांना थोडं गप्प बसवते. हळदीच्या ओल्या कांड्या आणि एका बाईचा राखी हिजाब असलेला माझा एक फोटो आहे. त्यात मागच्या निळ्या क्रेटचा रंग मी बराच खाली आणलाय, म्हणून हळद दिसते. तसं काढतानाच करता आलं तर उत्तम. एक पाऊल डावीकडे सरकलं की मागची चमकदार जाहिरात खांबामागे जाते. एक पाऊल टाकायला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही.

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली बाजारात आणलेली ऑटोक्रोम ही रंगीत फोटो काढायची पहिली यशस्वी काच. तिच्यावर रंग धरायला काय वापरलं होतं? बटाट्याच्या पिठाचे कण. नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवून काचेवर पसरलेले. रंगीत फोटोग्राफीची गाडी सुरुवातीला बटाट्यावर चालली, तेव्हा बटाट्याच्या क्रेटला ‘यात काय रंग’ म्हणून ओलांडून जाऊ नका. मातकट बटाटे शेजारी असले की लाल मुळे किती उठून दिसतात ते करून बघा.

वांग्यांवर आणि सिमला मिरचीवर पांढरा चट्टा येतो, तो मागच्या आकाशाचं प्रतिबिंब असतो. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा लेन्सवरचा फिल्टर, फिरवला तर तो जातो. पृष्ठभागाकडे साधारण ३५ अंशांच्या तिरकस कोनातून बघत असाल तेव्हा जास्तीत जास्त जातो. पण पूर्ण घालवू नका. चमक नसलेलं वांगं प्लास्टिकचं वाटतं. शिवाय पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेड खातो, आणि ताडपत्रीखाली तो आधीच तुटपुंजा. मी दहांतून एकदा वापरते.

हिवाळ्यात मात्र हे सगळं गणित बदलतं. ऑक्टोबरच्या अखेरीला घड्याळं मागे गेली की फेब्रुवारीपर्यंत बाजार चालू असतानाच अंधार पडतो. डिसेंबरमध्ये तर चारच्या आतच सूर्य मावळतो. ठेल्यांवर दिवे लागलेले, वर गर्द निळं आकाश, ओला फुटपाथ. जेमतेम वीस मिनिटं मिळतात, पण वर्षभरातले माझे चांगले फोटो त्या वीस मिनिटांतलेच आहेत. तेव्हा एक पथ्य: ठेल्यांवरचे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, कारण इथली वीजही आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावलं असेल तर फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर वापरा आणि १/५० किंवा १/१०० वर राहा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, १६०० काय, ३२०० गेला तरी बिघडत नाही. कोबीवर थोडे दाणे आले तर कुणी तक्रार करत नाही.

आता लेन्स का नको ते. ७०-२०० घेऊन तुम्ही लांबून, बहुधा रस्त्याच्या पलीकडून काढणार. मध्ये बस येणार हे एक, आणि दुसरं म्हणजे लांबून चोरून काढलेला फोटो लांबून चोरून काढल्यासारखाच दिसतो. ८५ तुमच्या क्रॉप सेन्सरवर इतकी आवळते की फुटपाथवर मागे सरकायला जागा नसते, तुम्ही थेट मागच्या साडीच्या दुकानात शिराल. तुमच्या १८-५५ वरच २३ ते ३५च्या मध्ये राहा. ठेल्यापासून दीड-दोन मीटरवर. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) ५.६, शटर १/२५० पासून सुरुवात. पार्श्वभूमी धूसर करायची हौस इथे आवरा. मागच्या पाटीवरचं बंगाली, बसचा लाल तुकडा, पलीकडच्या टाउन हॉलच्या विटा, हे धूसर केलं तर हा बाजार व्हाइटचॅपलचा आहे हे कळणार कसं? फोनवर काढणाऱ्यांनी २एक्स झूम वापरावं. १एक्सवर कडेचे क्रेट बाहेर फाकतात.

उंचीबद्दल कुणी बोलत नाही, पण माझ्या अनुभवात ती लेन्सपेक्षा मोठी गोष्ट आहे. ठेल्याचं फळकूट कमरेएवढं असतं. आपण डोळ्याशी कॅमेरा धरून खाली बघतो, त्यामुळे भाजी नकाशासारखी पसरलेली दिसते आणि विक्रेत्याचं डोकं कापलं जातं. कॅमेरा छातीशी आणा, पडदा वर वळवा. आता संत्र्यांची टेकडी होते, टेकडीमागे माणूस उगवतो आणि त्याच्या वर ताडपत्रीची कड येते. तीन थर मिळाले. सपाटपणाची तक्रार यातूनच बरीचशी मिटेल.

इथवरचं आवरून सांगायचं तर ताडपत्री बघून ठेला निवडा, मळभ शोधा, लाल सांभाळा, कॅमेरा छातीशी धरा आणि मांडणी मोडायची वाट बघा. ही झाली सोपी बाजू. अवघड बाजू माणसांची.

त्या विक्रेत्याने हात आडवा धरला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पण त्याच्या बाजूनेही विचार करा. कायद्याने बघितलं तर इथे सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही. छपराखालच्या खासगी बाजारांची गोष्ट वेगळी, तिथे मालक मनाई करू शकतो. फोटो जाहिरातीत जाणार असेल तर ओळखू येणाऱ्या माणसाची लेखी संमती घेतलेलीच बरी, तिच्याशिवाय एजन्सी फोटोला हात लावत नाहीत. पण फुटपाथवर कायदा सुनावून कुणाचा चेहरा उजळत नाही.

माझी सुरुवातीची एक चूक सांगते. एका ठेल्यावर एक तरुण मुलगा पपया रचत होता. उजेड सुंदर, मी विचारलं नाही, काढला. त्याने मान वळवली आणि चेहऱ्यासमोर तळहात धरला. मी माफी मागून त्याच्यासमोर फोटो पुसला, तेव्हा त्याचा सूर उतरला. म्हणाला, ‘घरी सांगितलंय, मी ऑफिसात काम करतो.’ घर म्हणजे सात हजार किलोमीटरवरचं एक गाव, आणि तिथल्या प्रत्येकाच्या हातात फोन. मला हे कारण सुचलंच नसतं. त्यानंतर मी ‘नाही’चं कारण विचारत नाही.

माझी रीत अशी आहे. आधी खरेदी, आणि खरी खरेदी. एक लिंबू घेऊन कॅमेरा काढला तर त्यांना लगेच कळतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा विचारायचं, रांग असताना नाही. शनिवारी दुपारी तर मुळीच नाही. तुमचा शनिवार हाच निम्मा घोटाळा आहे, रजा मिळाली तर मंगळवारी-बुधवारी सकाळी दहाला जाऊन बघा. रविवारी बाजार बंद असतो. विचारताना माणसाचा नाही, मालाचा उल्लेख करते: ‘तुमचं दुधी फार सुरेख लावलंय, फोटो घेऊ का?’ तुम्हाला तोडकंमोडकं बंगाली आलं तर उत्तमच, हिंदीवरही बऱ्याच जणांचं भागतं. इथले मला ‘आपा’ म्हणतात, पलीकडचा जुना लंडनकर फळवाला ‘लव्ह’ म्हणतो, आणि दोघांचंही मला बरं वाटतं. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाही. चेहरा नको असेल तर हात पुरतात, आणि खरं सांगू, पुष्कळदा हातच जास्त सांगून जातात.

आणि पुढच्या आठवड्यात प्रिंट नेऊन द्यायची. सहा बाय चारची, काही पेन्सची. एकदा एका काकांना अशी प्रिंट दिली. त्यांनी ओले हात आधी पोटावर पुसले, मग फोटो कडेने धरला, लांब नेऊन बघितला आणि काही न बोलता काट्याच्या डब्याला चिकटपट्टीने लावून टाकला. पुढच्या वेळी गेले तर शेजारचा ठेलेवाला माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आणि माझा?’ दारं अशी उघडतात. कुठल्याही ७०-२००ने ही उघडली नसती.

तुमच्या पाठवलेल्या फोटोंपैकी एकाबद्दल जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. बुरख्यातल्या बाई, त्यांच्यामागे पगडीवाले आजोबा, बाजूला सोनेरी केसांची मुलगी, आणि समोर आंब्यांची पेटी. तुम्हाला वाटलं, वा, सगळं जग एका फ्रेममध्ये. पण त्यातलं कुणीच काही करत नाहीये. नगरपालिकेच्या पत्रकावर शोभेल असा फोटो झालाय. माणसांच्या पोशाखांवरून ‘वेगवेगळे लोक’ दाखवणं सोपं असतं. ते वेगवेगळे लोक एकाच भाजीशी काय करतात ते बघा, तिथे खरी मजा आहे.

भेंडीचंच घ्या. आपण टोक मोडून बघतो, कट्कन मोडली तर कोवळी. शेजारची नायजेरियन बाई मोडत नाही, दोन बोटांत दाबून बघते. विक्रेता दोघींवरही डोळे वटारतो, पण मोडणाऱ्यांवर जास्त. अळकुड्यांच्या एकाच ढिगाऱ्यापाशी बंगाली माणूस ‘मुखी’ मागतो, कॅरिबियन आजी ‘एडो’ म्हणते आणि माझ्या तोंडून अळकुडी निघतं, आणि बोट तिघांचं एकाच क्रेटकडे. भावाच्या पुठ्ठ्यांवरची स्पेलिंगं तर बघत राहावीत. व्हाइटचॅपल स्टेशनवर २०२२ साली बंगाली पाटी लागली तेव्हा तिची बातमी झाली. बाजारातल्या पुठ्ठ्यांवर त्याआधीपासून किती भाषा नांदतायत.

मी सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीवर थांबले असेन तर ती अशी. म्हातारे गृहस्थ, लोकरीची टोपी, खिसे फुगलेला कोट. तुम्ही विचारलेलं तेच हिरवं फळ त्यांनी उचललं. दाबलं नाही, वजन बघितलं नाही. अंगठ्याचं नख सालीवर टेकवून इवलासा ओरखडा काढला आणि फळ नाकाशी नेलं. डोळे मिटले. ठेवून दिलं. दुसरं घेतलं, पुन्हा ओरखडा. चौथ्या फळाला डोळे जरा जास्त वेळ मिटलेले राहिले आणि ते पिशवीत गेलं. मी पहिल्या तीन वेळा नुसती बघत होते, आणि म्हणूनच चौथ्या वेळी तयार होते. फोकस नखावर, ३५ मिमी, ५.६. फोटोत फळाचा हिरवा, नखाचा पिवळसर आणि बाकी सगळा राखाडी कोट. वास फोटोत येत नाही म्हणतात. त्या फोटोला मात्र लोक नकळत जरा पुढे वाकून बघतात. काढल्यावर मी त्यांना कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. ते हसले आणि म्हणाले, ‘माझं नख कापायला झालंय.’

एकाच ठेल्यापाशी थांबण्याचा फायदा हा. माणसं तेच तेच पुन्हा करतात. तीन वेळा बघा, चौथ्यांदा काढा. पूर्ण बाजार फिरून दोनशे फोटो आणण्यापेक्षा एका ठेल्यापाशी चाळीस मिनिटं आणि तीस फ्रेम, एवढंच बंधन पुढच्या खेपेला घालून घ्या. वाटेत उभं राहू नका, खांबाला टेकून उभं राहा, ट्रायपॉड घरी ठेवा. संध्याकाळी पाचनंतर गेलात तर आणखी बरं. तेव्हा भाव उतरतात, राशी ढासळलेल्या असतात, रिकामे क्रेट, दबलेला कोबीचा पाला, दमलेले चेहरे. सकाळच्या मांडणीचं काय झालं ते सगळं तिथे पडलेलं असतं. बाजाराची ती वेळ फारसं कुणी टिपत नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढचा तोच येईल: रंग जमत नसतील तर ब्लॅक अँड व्हाइट करू का? उपाय म्हणून नको, परीक्षा म्हणून जरूर करा. एडवर्ड वेस्टनने १९३० साली एक सिमला मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा काळा-पांढरा फोटो काढला. तिच्यात रंगाचा लवलेश नाही आणि तरी नजर हटत नाही, कारण आकार आणि उजेड पक्का आहे. तुमचा फोटो क्षणभर काळा-पांढरा करा. त्यात काय चाललंय ते तरीही कळत असेल तर रंग परत आणा, फोटो चांगला आहे. काहीच कळत नसेल तर तो फोटो रंगांच्या जिवावर उभा होता.

आणि ते फळ. त्याला शातकोरा म्हणतात, काही जण हातकोराही म्हणतात. सिल्हेटकडचं लिंबू वर्गातलं फळ. व्हाइटचॅपलच्या बहुतेक बांगलादेशी कुटुंबांची मुळं सिल्हेटमधली, म्हणून ते इथे एवढं दिसतं. रसाला फारसं महत्त्व नाही, खायची ती साल. गर काढून टाका, सालीच्या जाडसर फोडी करा आणि मटणाच्या रश्श्यात शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत टाका. पहिल्यांदा दोन-तीनच फोडी, जास्त झाल्या तर रस्सा कडू होतो. निवडताना नखाने ओरखडा काढायला हरकत नाही, फक्त विक्रेत्याचं लक्ष कुठे आहे तेवढं बघा.